फुजैराच्या किल्ल्यासमोर इंग्लंडच्या राजांची वंशावळ

मंदीत लोक सहलीला का जातात असं कोणी विचारलं तर मी सांगेन, ऑफिसात करण्यासारखं काही उरलेलं नसतं म्हणून. आम्ही फुजैराला गेलो ते मात्र वेगळ्या कारणाने. आमच्या साहेबांना आपल्या पूर्वजांबरोबर फोटो काढून घ्यायचा होता, आणि त्यासाठी त्यांना पाठीमागे किल्ला हवा होता. दुबईत सात तारे मिरवणारी हॉटेलं आहेत, मॉलमध्ये बर्फ आहे, पण पाचशे वर्षं जुना दिसेल असा चांगलासा किल्ला पाहिजे तर गाडी काढावी लागते.

आधी साहेबांची ओळख करून देतो. मिस्टर थर्लबी, आमच्या मार्केटिंग विभागाचे प्रमुख, वय साठीच्या अलीकडे, उन्हाने लाल झालेला मूळचा गोरा माणूस. आमची कंपनी न बांधलेल्या टॉवरमधले फ्लॅट विकायची, आणि न बांधलेले टॉवर बांधल्यासारखे दाखवणं हे माझं काम. २००८ ची दिवाळी झाली आणि टॉवर होते तिथेच, म्हणजे खड्ड्यात, थांबले. क्रेन नुसत्या उभ्या राहिल्या. ऑफिसातली माणसं एकेक करून कमी व्हायला लागली. अशा वेळी साहेबांना शोध लागला, की आपण आईच्या बाजूने मध्ययुगातल्या एका एडवर्ड राजाचे वंशज आहोत. कितवा एडवर्ड ते त्यांनी मला अनेकदा सांगितलं. त्यांच्याकडे एडवर्ड इतके झाले आहेत की मी मोजणं सोडून दिलं होतं.

तर त्या हिवाळ्यात मी कंपनीच्या पगारावर साहेबांची वंशावळ काढत होतो. टॉवर काढायच्या त्याच कॉम्प्युटरवर. साहेब दर आठवड्याला इंटरनेटवरून एखादा नवा सरदार शोधून आणायचे, फ्रान्समधला, फ्लँडर्समधला, एकदा तर हंगेरीची राजकन्या आणली, आणि मी तिला चौकट काढून द्यायचो. माझ्या लक्षात आलं होतं, की जोवर पूर्वज सापडत आहेत तोवर माझी खुर्ची आहे. विषय खुर्चीपुरता असता तर एक वेळ चाललं असतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि महिन्याभरात देश सोडायचा. देश सोडला की लग्न राहिलं. बत्तीस वर्षांच्या मुलाला 'दुबईचा' या एका विशेषणावर अजून स्थळं येत होती, आणि हल्ली मुलीकडच्यांचा पहिलाच प्रश्न असायचा, "नोकरी आहे ना अजून?"

हा प्रश्न मला सांगणारे गृहस्थ म्हणजे माझे बाबा. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर ते रत्नागिरीत वधूवर सूचक मंडळ चालवतात. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी जुळवली. घरचा मुलगा तेवढा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ते व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे, दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत आले होते, आणि दिवसभर बाल्कनीतून, कोणाच्या सामानाचा टेम्पो भरतोय ते बघत होते. मी साहेबांशी बोलताना सहज म्हणालो, की माझे वडीलही घराण्यांचंच काम करतात. साहेबांचे डोळे चमकले. "मग त्यांना फुजैराला घेऊन ये," ते म्हणाले. वंशावळ त्याच आठवड्यात, गुरुवारी, पुरी झाली होती.

शुक्रवार: शारजा, मसाफी, फुजैरा

डिस्कव्हरी गार्डन्सहून निघणार असाल तर एमिरेट्स रोडने जा, टोल लागत नाही. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी सकाळी रस्ता रिकामा असतो. पेट्रोल साहेबांचं, जीपही साहेबांची, त्यामुळे आमचा खर्च शून्य. बाबांनी तो तरीही रुपयांत करून पाहिला.

पहिला थांबा शारजा औद्योगिक क्षेत्र. पर्यटकांनी तिथे जाण्याचं काही कारण नाही. गॅरेज, गोदामं, टायर, पुन्हा गॅरेज. आमच्या कंपनीची होर्डिंग जिथे छापली जात तिथल्या उस्मानभाईंनी साहेबांची वंशावळ फ्लेक्सवर छापून ठेवली होती. आपल्याकडे दादांच्या वाढदिवसाला चौकात लागतो तसला फ्लेक्स, फक्त दादांच्या जागी राजे. चांगला वीस फूट लांब.

"पहले टॉवर छापते थे," गुंडाळी जीपच्या टपावर बांधता बांधता उस्मानभाई म्हणाले, "अब बाप-दादा छापते हैं. चलो, ये कम से कम बन तो चुके हैं."

धैद सोडलं की लाल वाळू संपते आणि हजरचे डोंगर लागतात. भव्य आहेत, पण एक झाड नाही. "एवढे डोंगर, आणि वनखातं काय करतंय?" बाबांनी विचारलं. मसाफीला 'फ्रायडे मार्केट' आहे, ते आठवडाभर चालू असतं. गालिचे, माठ, फळं. दुकानदार म्हणेल त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. बाबांनी चतकोराने केली, आणि तीन पेरू फुकट मिळवून गप्प बसले.

साहेब गाडी चालवताना एकेक पूर्वज सांगत होते. (ते अर्थातच इंग्रजीत बोलायचे, मी इथे मराठीत लिहितोय. बाबांचं इंग्रजी वीज मंडळाच्या पत्रव्यवहारातलं, पण अडत नाही.) मला वाटलं बाबांना डुलकी लागेल. उलट ते पुढे सरकून बसले आणि दर थोड्या वेळाने "गुड फॅमिली" म्हणायला लागले. साहेबांचा चेहरा खुलत चालला होता.

फुजैराचा किल्ला खरंच बघण्यासारखा आहे. मातीच्या रंगाचा, गोल बुरुजांचा, उंचवट्यावर बसलेला, भोवती खजुराची झाडं. आम्ही गुंडाळी सोडायला घेतली तेवढ्यात रखवालदार धावत आला. पेशावरकडचा होता.

"ये कौन सा प्रोजेक्ट है?" त्याने विचारलं.

"प्रोजेक्ट नहीं है भाई," मी म्हणालो, "साहब का खानदान है."

"तो खानदान का परमिशन लाओ. बिल्डर का बोर्ड यहाँ मना है."

मी त्याला समजावलं, की यातले सगळे लोक कित्येक शतकांपूर्वी मेलेले आहेत, कोणी काही विकत नाही. तो म्हणाला, गेल्या वर्षी आलेलेही असंच म्हणत होते. शेवटी साहेबांनी गुंडाळलेले पूर्वज काखेत घेऊन फोटो काढला. फोटोत ते चटई विकायला आलेल्या माणसासारखे दिसतात. त्यांना वाईट वाटलं असणार.

मग बाबांनीच उपाय काढला. "कुठे मोकळी जागा बघा ना. मला ते नीट वाचायचंय." आम्ही अर्ध्या तासावरच्या खोरफक्कानला गेलो. समुद्रकाठी लांबलचक हिरवळ आहे, कुटुंबासह जायला झकास, आणि फुकट. तिथे फ्लेक्स पसरला, कडेला चपला ठेवल्या. शेजारचं मल्याळी कुटुंब सतरंजी समजून त्यावर बसायला निघालं होतं, त्यांना मी विनवून थांबवलं. बाबा अनवाणी, कडेकडेने, मुळापासून चालायला लागले. साहेब बरोबर.

"हे कशाने गेले?" बाबांनी एका चौकटीवर बोट ठेवलं.

"शिरच्छेद," साहेब अभिमानाने म्हणाले.

"आणि यांचे चिरंजीव?"

"त्यांचाही. दुसऱ्या राजाने."

बाबांनी माझ्याकडे बघून हळूच "घराण्यात आहे म्हणजे" म्हटलं आणि पुढे सरकले. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात हे त्यांना पटलं. चुलत भावंडांची लग्नं झालेली बघून ते थबकले. पोपची खास परवानगी घेतली होती, असं साहेबांनी सांगितलं. "परवानगी कशालाही मिळते," बाबा मला मराठीत म्हणाले. त्यांनी प्रत्येक बाईचं माहेर विचारलं, गाव विचारलं, वेडाचा झटका कोणाला होता का ते विचारलं. एकाला होता. इतके प्रश्न साहेबांना जन्मात कोणी विचारले नसतील. ते नुसते तरंगत होते.

शेवटच्या चौकटीपाशी, म्हणजे खुद्द थर्लबी साहेबांपाशी, बाबा उभे राहिले. "अँड आफ्टर यू, सर?"

"एक मुलगी. हॅरिएट. एकोणतीस वर्षांची. लीड्सला जनावरांची डॉक्टर आहे." चौकट नव्हती तिची. मला काढायला सांगितलीच नव्हती.

"मॅरिड?"

"नाही."

"व्हेज?"

"नाही बहुतेक. मासे खाते, तेवढं माहीत आहे."

"फिश इज ओके," बाबा म्हणाले. "वी आर ऑल्सो फिश."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

हॉटेल साहेबांनी फुजैरात घेतलं होतं. अडीचशे दिरहम, म्हणजे सव्वातीन हजार रुपये, दोघांत. मंदीपूर्वी हीच खोली दुप्पट भावाची होती, तेव्हा जायचं तर आत्ताच जा. सामान टाकल्या टाकल्या मी बाबांना म्हणालो, की तुमचा गैरसमज होतोय, साहेबांचा हा छंद आहे.

"मंदार," बाबा म्हणाले, "इतकी वर्षं मंडळ चालवतोय. घराण्याचा कागद घेऊन जो माणूस माझ्याकडे येतो, त्याच्या घरात उपवर कोणीतरी असतंच. उगाच कोणी दुसऱ्याला आपले खापरपणजोबा दाखवतं का? आणि तेसुद्धा मुलाच्या बापाला, स्वतः गाडी चालवून, हॉटेलात उतरवून?"

गोऱ्या माणसाला इतक्या मेलेल्या लोकांची हौस कशासाठी, याचं बाबांचं स्पष्टीकरण माझ्यापेक्षा नक्कीच पटण्यासारखं होतं. शिवाय खाली चहा पिताना साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तुझे वडील ग्रेट आहेत. रविवारी तुझ्याशी बोलायचंय." हा माणूस असाच खूश राहिला तर माझी नोकरी टिकेल, या आशेवर मी तोंड बंद ठेवलं.

शनिवार: बिदिया, दिब्बा आणि पुन्हा मसाफी

परतताना किनाऱ्याने वर जा. बिदियाची मशीद देशातली सगळ्यात जुनी म्हणतात. मातीची, चार बुटके घुमट, आपल्याकडच्या ग्रामदेवतेच्या देवळाएवढी. कपडे अंगभर हवेत. बाबांना ती फार आवडली. "इथे देवाला जागा पुरते," ते म्हणाले. दिब्बाला मासळीबाजार बघा, जेवणही तिथेच उरका. पंधरा दिरहमला, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत, तळलेला मासा आणि भात मिळतो, आणि माणूस सुस्त होतो.

मसाफीला साहेबांनी चहासाठी गाडी थांबवली. एक दिरहमचा कडक चहा, वेलची घातलेला, चुकवू नका. बाबा फळवाल्याकडे गेले, नारळ आणि खजुराचा डबा घेऊन आले आणि दोन्ही साहेबांच्या हातात ठेवलं. ही खूण मी ओळखतो. मंडळात बाबा कोणाला रिकाम्या हाती नकार देत नाहीत.

"सर," बाबांनी सुरुवात केली, "तुमचं घराणं फार मोठं आहे. राजे, सरदार, सगळं मी बघितलं. मुलगी डॉक्टर आहे, चांगलीच असणार. पण आम्ही साधी माणसं. रिलेशन शुड बी इक्वल टू इक्वल. एवढ्या मोठ्या घरचा जावई झाला तर माझा मुलगा आयुष्यभर खुर्चीच्या कडेवर बसेल. म्हणून आमचा नकार समजा. राग मानू नका."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी गालिच्यांकडे बघितलं.

"आणि आमची बाजूही सांगतो," बाबा पुढे म्हणाले, "लपवाछपवी माझ्या मंडळात चालत नाही. मुलाचे केस गळायला लागलेत. रागीट आहे. आणि नोकरीचं काही खरं नाही."

साहेबांना सगळा प्रकार उलगडायला वेळ लागला. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. नारळ हातात तसाच धरून ते बसले.

"हॅरिएटबद्दल कोणी मला विचारून खूप वर्षं झाली," ते म्हणाले. "दोन वर्षं ती माझा फोन घेत नाही. म्हणाली, तुमच्या मेलेल्यांमधून तुम्हाला वेळ मिळाला की सांगा."

बाबांनी मान हलवली. मग साहेब माझ्याकडे न बघता, बाबांनाच म्हणाले, "तुम्ही काही लपवलं नाहीत, तर मीही लपवू नये. रविवारच्या कपातीच्या यादीत मंदारचं नाव आहे. मीच घातलंय. काम संपलं होतं त्याचं."

मी तिथेच होतो, दोन हातांवर. माझ्या बरखास्तीची बातमी माझ्या बापाला, वधूपित्याकडून, चहाच्या टपरीवर कळली. असा राग आला की तो नारळ घेऊन फ्लेक्सवर फोडावा. आठवडेच्या आठवडे मी या माणसाच्या पूर्वजांची मुंडकी उडाल्याची नोंद ठेवली, वेलबुट्टी काढून. स्वतःच्या मानेचा विचार केला नाही. बाबांनी चहाचे पैसे दिले. साहेबांना देऊ दिले नाहीत.

धैद, शारजा, एमिरेट्स रोड. रस्ता उत्तम आहे.

रविवार

रविवारी सकाळी मला पत्र मिळालं, अर्ध्या तासात निघायला सांगितलं. लिफ्टपाशी आलो तर थर्लबी साहेब उभे. एका हातात खोकं, काखेत फ्लेक्सची गुंडाळी. यादी त्यांनी वर पाठवली होती, आणि वरच्यांनी तळाला एक नाव वाढवून परत पाठवली होती. एडवर्ड राजाला कोणी विचारलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं. मला कसं माहीत असणार? राग होताच, पण तो माणूस लिफ्टचं बटण दाबायचंही विसरला होता. मी दाबलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. माझं ऐकून त्यांनी पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. साहेबांचं ऐकल्यावर मात्र ते विचारात पडले.

"म्हणजे त्यांचीही गेली. कंपनीचं घरही जाणार?"

"महिन्याभरात."

"मग आता दोन्ही घरं बरोबरीची झाली की. फोन लाव त्यांना. जेवायला बोलाव."

"बाबा, काल तुम्ही नकार दिलात."

"काल परिस्थिती वेगळी होती."

संध्याकाळी साहेब आले. सुरमईचं कालवण, भात, सोलकढी. खोलीत माझ्याबरोबर राहणाऱ्या सोबत्याच्या पलंगावर बसून, पुढ्यात पाट ठेवून ते जेवले, कालवण दोनदा घेतलं. जेवण झाल्यावर बाबांनी विषय काढला, की मुलगी तुमची, आधी तिचं मत घेतलं पाहिजे, आम्ही मुलीला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. साहेब म्हणाले, ती फोन उचलणार नाही. बाबा म्हणाले, याच्या फोनवरून लावा, अनोळखी नंबर माणूस उचलतोच.

साहेब बाल्कनीत गेले. तिने उचलला. आमची भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, तरी ते आत आले नाहीत. माझा बॅलन्स संपत आला असणार, पण मी काही म्हणालो नाही. आले तेव्हा डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"काय म्हणाली मुलगी?" बाबांनी विचारलं.

"आधी खूप हसली. मग रडली. मग नाही म्हणाली."

"आम्हाला नकार?" बाबांना ते लागलं. "कारण काय दिलं?"

"मुलगा काय करतो विचारलं तिने. मी खरं सांगितलं."

बाबा मागे टेकून बसले. "बरोबर आहे पोरीचं," ते म्हणाले. "रत्नागिरीतली कुठलीही हेच म्हणाली असती."

हे मी रत्नागिरीतून लिहितोय. टॉवर अजून खड्ड्यातच आहेत म्हणतात. फुजैराला जाणाऱ्यांनी बिदियाची मशीद चुकवू नये, आणि किल्ल्यावर फ्लेक्स नेऊ नये. त्या दोन दिवसांचं माझ्याकडे काय राहिलं म्हणाल, तर एक फोटो, आणि मसाफीच्या चहाच्या आठवणीत अजून जाणवणारा राग. साहेब आता लीड्सजवळ राहतात. पूर्वजांचं काम बंद आहे. शनिवारी मुलीकडे जेवतात, आणि रविवारी बाबांना फोन करतात. बाबा म्हणाले, की गेले काही रविवार साहेब जाता जाता विचारतात, मंदारला नोकरी लागली का. मी म्हटलं, चौकशी करत असतील, चांगला माणूस आहे. बाबा म्हणाले, साहेब नाही विचारत, त्यांना कोणीतरी विचारायला सांगतंय. मी लगेच काही बोलणार होतो, पण बाबांनी हात वर केला. म्हणाले, आपण होऊन विषय काढायचा नाही. मुलीकडच्यांना काढू दे.